धाकटा कुणाच्या वाट्याला

३ जून

चि. घड्याळजी यास ताईचे अनेक आशीर्वाद.

लोकांची घड्याळं वेळेवर चालवतोस आणि पत्र मात्र महिन्याने धाडतोस! इकडे शाळांचे गणवेश अंगावर आलेत, शिलाईयंत्राला उसंत नाही.

आता रविवारच्या प्रार्थनेतल्या हेतूंचं. आईची शिस्त मोडायची नाही. चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घेताना एकाने एकाचसाठी मागायचं, देवाला गोंधळात पाडायचं नाही. तेव्हा या महिन्यात तुझ्या लेकीचं बाळंतपण माझ्याकडे, आपला धाकटा भाऊ तुझ्याकडे.

त्याची चिठ्ठी आली होती. छाती भरून येते, शिडी चढवत नाही, रंगकाम सुटलं म्हणतो. प्रार्थना कराच, पण एकदा येऊन जा, असं लिहिलंय. मी गेले असते, पण तो तुझ्या वाट्याला, म्हणून तुझ्यावर सोपवते.

लेकीला सांग, जपून राहा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. नाक थेट तुझं, म्हणजे बोलायलाही तुझ्यासारखीच निघणार!

धाकट्यासाठी दोन्ही रविवारी मनापासून मागितलं. जायचं मात्र राहिलं. दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि तुझ्या घरापासून तो दोनच बस लांब. आता बाळंतपणाचा हेतू सुटला, तुझा हात मोकळा झाला. येत्या रविवारपासून धाकटा तू घे. मी बाळासाठी मागतो.

रागावू नकोस. माया होती तशीच राहू दे.

तुझा घड्याळजी

२७ जून

चि. भावास,

परवा धाकट्याला मूठमाती दिली. तुला निरोप पोचेपर्यंत थांबता आलं नाही.

तुझं पत्र मला वेळेत मिळालं होतं. रविवारी मी कम्युनियन घेतलं, त्याचं नाव घेतलं, आणि घरी येऊन उरलेले गणवेश शिवायला बसले. म्हटलं, आज मागून झालंय, पुढच्या रविवारी जाऊ. मंगळवारी तो गेला. शेजारी कुणी नव्हतं.

फादरांना आपली वाटणी सांगितली.  ते म्हणाले, कम्युनियनला सगळ्यांना बरोबर घेऊन यावं, एकालाच आणायचं असं कुणी सांगितलं? आईचं नाव माझ्या तोंडून निघेना. ती बिचारी साधी बाई, आपण तिच्या सांगण्याचा आडोसा केला. एरवी तिचं काय ऐकलं होतं रे आपण?

त्याची खोली आवरायला गेले होते. घरमालकीण भली बाई आहे. तिने सांगितलं, महिनाभर दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळेला तो तिच्याकडून दोन खुर्च्या मागून न्यायचा, अंगात धुतलेला सदरा घालायचा. तिने विचारलं तर म्हणायचा, माझी माणसं आज माझ्यासाठी मागतायत, मागून झालं की इकडेच येतील. दिवेलागणीला खुर्च्या स्वतः परत आणून द्यायचा. शेवटच्या रविवारी उचलवेनात, म्हणून त्या तिनेच नेल्या.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तुझ्याकडे उरला असेल तर ठेव.

ताई