कोळश्याचा गालिचा

मी कस्तुराबाई बेवा पुंजाजी, धंदा शेती, वय अंदाजे त्रेसष्ट, राहणार मौजे रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी फूस लावली नाही. मला धाक घालायची हिंमत या घरात वीस वर्षांपूर्वीच संपली; ती कशी, ते तिसऱ्या कलमात येईल.

कलम १. माझे पाच एकर शेत आणि राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा, बैठकीच्या खोलीसह, माझे दीर मारोतराव यांची थोरली सून रंगूबाई हिला द्यावा. मला मूलबाळ उरलेले नाही.

कलम २. बैल घासायचा लोखंडी खरारा माझी जाऊ चतुराबाई हिला द्यावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल खरारून झाल्यावर हिने तोच खरारा बैठकीतल्या गालिच्यावर चालवला, माझ्या कोळश्या कुत्र्याचे केस निघावेत म्हणून. केस निघाले नाहीतच. वर बैलाचे केस लागले, आणि मधोमध थाळीएवढी लव उपटून निघाली. मग सगळ्या गावाला सांगत फिरली, "कोळश्यानं कुरतडला." चतुरा, मी मागच्या दाराशी उभी राहून सगळे पाहिले होते.

कलम ३. गालिचा. दस्तलेखक दौलतसिंग म्हणतात, एका गालिच्याला एवढा मजकूर कशाला? मी म्हटले, तुम्ही लिहा.

हा तांबडा गालिचा माझ्या यजमानांनी अकोल्याहून बैलगाडीत घालून आणला. ते गेल्यावर मानमोडीच्या साथीत माझा एकुलता एक जगदेव गेला. त्याचे काळे कुत्रे, कोळश्या, शेवटपर्यंत त्याच्या पायाशी होते. जगदेव गालिच्यावर जिथे बसे, तिथेच ते पुढे निजू लागले. पण बैठक दोन्ही घरांची सामाईक. येणारा-जाणारा उठला की धोतरावर काळे केस. मारोतराव पंचांसमोर म्हणाले, "वयनी, एक तं कुत्रं ठेवा, नाई तं गालिचा ठेवा." ते कुत्रे हाकलायचे म्हणजे जगदेवला दुसऱ्यांदा घराबाहेर काढायचे. मी म्हटले, "भावजी, आठ दिवसानं पाची पंच धुतलेलं धोतर नेसून या. कोणाले एक केस लागला तं कोळश्याले मंगरूळपीरच्या बाजारात सोडून येतो. नाई लागला तं बैठक अन् गालिचा माह्या."

बोलून बसले, पण उपाय कुठे होता? काठीने झोडपले, तर केस आणखी खोल गेले. फड्याने झाडून काढले, तर इकडचे तिकडे झाले. सहाव्या दिवशी कोळश्याची पाठ वाळल्या गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, जाळीने घासत होते. ओली जाळी हातातून निसटून गालिच्यावर पडली. उचलली तर तिला केसांचा बोळा चिकटलेला! मी तिथेच रडले. मग पदर खोचला आणि दोन दिवस त्या गालिच्यावरून उठले नाही.

पंच आले, दोन तास बसले, पान खाल्ले. उठले, पाठमोरे झाले. पाच धोतरे दुधासारखी. मारोतरावांना राहवेना, त्यांनी वाकून गालिचा चाचपला आणि एक केस उचलून ओरडले, "हा पाहा!" पंचांतल्या रतनसिंगांनी तो चष्म्याजवळ धरला. शेंडा काळा, बूड पांढरे. ते म्हणाले, "मारोतराव, कुत्र्याले कलप कोन लावते?" सगळ्यांनी मारोतरावांच्या मिशीकडे पाहिले. बैठक माझी झाली. कोळश्या पुढे नऊ वर्षे त्याच जागी निजला आणि त्याच जागी गेला.

हा गालिचा रंगूबाईचा. या घरात "मोठी माय, मले शिकवा" असे म्हणणारी ती एकटीच.

कलम ४. कुंपणावरचा गिलक्याचा वेल कोणी तोडू नये. फळ वेलावरच वाळू द्यावे. जाळी भिजवून घट्ट पिळावी, पाणी ठिबकता कामा नये, आणि लव जिकडे झुकते त्याच्या उलट, एकाच बाजूने ओढत न्यावी. घाई केली की केस दबतात.

कलम ५. कोळश्याच्या वंशातली टिकली गालिच्यावरच निजेल. तिला उठवणाऱ्याने कलम ३ वाचावे.

कलम ६. मारोतरावांचा तो केस मी कुंकवाच्या करंड्यात पुडी बांधून जपला आहे. तो त्यांना परत करावा. बाकी त्यांना काही देत नाही.

कलम ७. माझ्या तेरवीला टिकली सकाळपर्यंत गालिच्यावर निजू द्यावी. मग रंगूबाईने जाळी फिरवावी. पहिल्या पंगतीआधी मारोतरावांनी पांढरे धोतर नेसून त्यावर बसावे, उठावे आणि सगळ्या गावासमोर पाठमोरे व्हावे.

हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा मारोतराव हजर होते. बराच वेळ टिकलीच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "धोतर धुऊन ठेवतो, वयनी. पन तुमी घाई करू नोका." हेही लिहून घ्या, असे मी सांगितले.

निशाणी अंगठा डाव्या हाताचा: कस्तुराबाई बेवा पुंजाजी
साक्षीदार: रतनसिंग, पंच, सही दस्तुरखुद्द
साक्षीदार: गोविंदसिंग, शेजारी, सही दस्तुरखुद्द
लिहिणार: दौलतसिंग, दस्तलेखक
मुक्काम रिठद, बैठकीत, गालिच्यावर बसून. तारीख ११ नोव्हेंबर १९३९