हॉलमधले टेकू

शुक्रवार, संध्याकाळ

साइटखाली गाडीत बसून लिहितेय. टेम्पो येईपर्यंत दुसरं काही सुचत नाही.

आज खरवईच्या इमारतीत पाटीलकाकांची कलशपूजा. फ्लॅट अर्धवट, पण मुहूर्त चुकवायचा नाही म्हणाले आणि साइट इंजिनिअर असून मी हो म्हटलं. का म्हटलं? वर गेले तर हॉलमध्ये वीसेक माणसं मांडी घालून बसलेली, आणि डोक्यावरच्या स्लॅबचे टेकूच गायब. स्लॅब गेल्या आठवड्यातला, अजून कच्चा. तो पक्का व्हावा म्हणून वर पाणी साठवलेलं. कलशाशेजारी थेंब पडत होता.

शंकर मुकादमाला बाजूला ओढलं. म्हणाला, "मॅडम, पार्टीच बोलली, पाटीलसाहेबच, पूजेला जागा पाहिजे. फक्त हॉलचेच काढले." काढले ते अंबरनाथच्या साइटवर पाठवूनही दिले!

ओरडले असते तर सगळे एकदम धावले असते, आणि जिन्याला कठडा नाही. म्हणून हसत म्हटलं, "चला, प्रसाद खाली घेऊ या." पाटीलकाकू थेंबाकडे बघून म्हणाल्या, "घरात पाणी आलं गं, शुभ असतं." मी मान डोलावली. शेवटचा माणूस उतरेपर्यंत त्या थेंबाकडेच बघत होते. वेग वाढत होता का? की मलाच तसं वाटलं?

टेकू परत आणायला शंकर स्वतः टेम्पो घेऊन गेलाय. सगळे खाली आहेत. सगळे खाली आहेत ना?

काकू काचेवर टकटक करतायत. "अगं, हे दिव्यात तेल घालायला वर गेलेत. येतीलच."