निळा काही उठत नाही

३ एप्रिल
ठरलं! ब्यूटिशियन संघटनेच्या स्पर्धेत मी उतरणार. विषय – उन्हाळी डोळे. सगळं रंगीत, काळं काजळसुद्धा चालणार नाही. समोरच्या पार्लरमधली पोरगी म्हणाली, "काकू, तुम्ही? तुमचं आपलं नवरीच्या मेकअपमध्ये बरं असतं." बरं असतं म्हणे! लग्न झाल्यापासून लोकांच्या पापण्या रंगवतेय मी. हिला दाखवतेच.

मॉडेल घरातच आहे – सूनबाई. तिचे डोळे देवाने अगदी निवांत बसून काढलेत.

४ एप्रिल
झोप कसली! डोळे मिटले की रंगच. आतल्या कोपऱ्यात पिवळा, मध्ये नारिंगी, बाहेर निळा – पार भुवईपर्यंत खेचलेला. उन्हातून येऊन पाण्यात उडी मारल्यासारखं वाटलं पाहिजे.

६ एप्रिल
पहिली तालीम. पिवळा झकास. नारिंगी तर विचारूच नका. निळा मात्र उठत नाही, मळक्या फडक्यासारखा पडून राहतो. एक हात मारला, परत मारला. सूनबाई म्हणाली, "आई, पुरे ना आता?" म्हटलं, तू हलू नकोस.

हे दारातून डोकावून म्हणाले, "सून आहे की मोर?" यांना कौतुक करता येत नाही, हा जुनाच आजार.

७ एप्रिल
कॉस्मेटिकवाल्याला झाडलं. निळ्यात भेसळ करतोस का रे? म्हणतो, "काकू, याच्यापुढे आता शाईच." तोंडाळ मेला! तरी नवी डबी घेऊन आले.

१२ एप्रिल
उद्या स्पर्धा, आणि आज जमलं! थरावर थर दिले तेव्हा कुठे निळा खुलला. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. सूनबाई आरशात बघतच राहिली. मग म्हणाली, "उद्या असंच करायचं?" म्हटलं, अगदी असंच. "बरं," म्हणाली.

१३ एप्रिल
नंबर नाही. उत्तेजनार्थही नाही. परीक्षक बाई म्हणतात, रंगांचा तोल गेलाय. तुझाच गेला असेल! सूनबाईला त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला आवडलं का? ही ताठ बसून म्हणाली, "हो. आमच्या आईंनी केलंय." वाघीण आहे माझी.

१५ एप्रिल
सूनबाई मागे लागलीय – एकदा डोळे दाखवून येऊ. मला काय धाड भरलीय? पण तिला नाही म्हणवत नाही. उद्या जाऊ.

१६ एप्रिल
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, "निळा रंग मळकट दिसतो का?" सूनबाईने माझा हात धरला.

२ मे
काल एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी निघाली. आधी स्पर्धेतला फोटो मागितला. अगं बाई! कुणीतरी गुद्दे घालून डोळे सुजवल्यासारखी दिसतेय पोर. म्हटलं, बोलली का नाहीस? म्हणते, "तुम्ही किती खुशीत होतात, आई."

त्या दिवशी स्पर्धेहून निघताना मी तिला तोंड धुऊन घे म्हटलं होतं. राहू दे म्हणाली, आणि तशीच बसमध्ये माझ्या शेजारी बसून घरी आली, सगळ्यांच्या देखत.