उंबरठा ओलांडण्याआधीची वाटणी

मी, दारे-खिडक्या घडवणारी सुतारीण, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही धाक नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली. ती भलतीच पळते आहे, पण आनंदाने, असा त्यांचा दाखला सोबत आहे. मी मरत नाही. पलीकडच्या जगात धाकट्या बहिणीकडे चालले आहे, आणि तिथून परत येता येत नाही. कायद्याला एवढा फरक कळत नाही, म्हणून हा खटाटोप.

कारखान्याच्या मागच्या भिंतीतले दार आम्ही दोघींनी वडिलांच्या मंत्राने घडवले होते. तरुणपणी धाकटी त्यातून गेली आणि दार मिटले ते मिटलेच. आज सकाळी किल्लीच्या भोकातून उजेड आला! डोळा लावला, तर पलीकडे अशीच खोली, असाच भुसा, पण तिकडे रंधा फिरला की लाकडाला कोवळी पाने फुटतात! आणि रंधा मारणारी माझी धाकटी, केस पांढरेशुभ्र. दार ढकलले, तर उघडले! "ताई, तुझ्याकडचं ऊन दारावर आहे तोवरच हे उघडं राहील. आवर लवकर!" म्हणाली. घाईत लिहिते आहे, अक्षर वेडेवाकडे आल्यास सांभाळून घ्यावे.

मंत्राची अट एकच. ज्याच्या मालकीचे इथे काही उरले आहे, त्याला उंबरठा पलीकडे सोडत नाही.

कलम १. कारखाना, वरच्या खोल्या आणि बँकेतली शिल्लक भाच्याला. खोल्या भाड्याने देताना त्याने बायकोला विचारावे, व्यवहार तिला कळतो. (एवढे लिहून उठले, पाय टाकून पाहिला. बोटे आत गेली! तिकडची जमीन ऊबदार आहे!)

कलम २. रंधे, पटाश्या, सगळी हत्यारे भाचेसुनेला. भाचा तोंड पाडून बसला आहे. बसू दे. त्याने जन्मात एक स्टूल केले, तेही डुगडुगते.

कलम ३. राग. हीसुद्धा मालमत्ताच, आणि माझ्याकडे भरपूर. थोरल्या भावाने वडिलांची मोठी करवत परस्पर विकली, तो राग भाच्याला. त्याच्या बापाचाच आहे, घरात राहील. समोरच्या काचवाल्याने 'हिचा स्क्रू ढिला आहे' असे गल्लीभर केले, तो राग त्यालाच परत. तो इथे साक्षीला उभा आहे. "अहो बाई, मी काय करू त्याचं?" म्हणतो. म्हटले, "खिडकीत बसवा!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणतात. ही मिळकत की शिक्षा, ते वकिलांनी ठरवावे.

टाच गेली, पण गुडघा अडला. अरे देवा, आता काय राहिले? ऊन निम्म्या दारावरून सरकले होते. खिसे उलटे केले, कानातले भाचेसुनेच्या हातावर ठेवले, चपला भिरकावल्या. गुडघा हलेना. मला रडूच फुटले.

भाचेसून हळूच म्हणाली, "आत्या, धाकट्या आत्यांवर रागावलाय का तुम्ही?"

"काहीतरीच बोलू नकोस!" मी खेकसले. आणि खेकसल्यावर माझे मलाच कळले.

कलम ४. आम्ही एकदमच जायचे ठरले होते. ती थांबली नाही, मला टाकून पुढे धावली. गल्ली म्हणाली, मेली. मी रोज दारापाशी बसून तिची वाट पाहिली आणि रोज तिला मनात शिव्या घातल्या. हा राग जुना आहे, माझा फार लाडका आहे. भाचेसून म्हणते, "मला द्या, मी सांभाळते." नको गं पोरी, तुला कशाला ते ओझे. हा राग मी कुणालाच देत नाही. त्याला वारस नको. सोडला.

गुडघा गेला! गेला! उन्हाची चीर उरली आहे, सही करते आणि निघते.

सही: सुतारीण

आम्ही साक्षीदार लिहून देतो की, बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि त्या धावतच उंबरठा ओलांडून गेल्या. दार मिटता मिटता पलीकडून "किती म्हातारी झालीस गं!" अशी आरोळी ऐकू आली. दोघी एकदमच ओरडल्या, त्यामुळे आधी कोण, हे आम्हांस सांगता येत नाही.

सही: काचवाला
सही: डॉक्टरीण

ठिकाण: कारखान्याचे मागचे दार
दिनांक: आजचाच, ऊन जाता जाता