बावन्न क्रमांकाचा ऊद आणि माझी इतर मिळकत

मी, वारतूही, कै. नझारेत दुलगेरियान यांची मुलगी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय शिवणकाम (डोळ्यांमुळे आता बंद), राहणार बुर्ज हम्मूद, बैरूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही की दरडावलेले नाही. १९८४ साली केलेले मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे. त्याची प्रत कोणी दाखवली तर ती चुलीत घालावी.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडचा सज्जा, माझ्या पश्चात माझी एकुलती एक मुलगी शूशान, हल्ली राहणार मॉन्ट्रियल, हिला मिळावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त वरच्या मजल्यावरच्या गृहस्थाला विकू नये. वीस वर्षे त्याच्या गालिच्यांची धूळ माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते आहे, आणि “झटकावं तर लागतंच ना, बाई!” यापलीकडे त्याने कधी खंत दाखवलेली नाही.

कलम दुसरे. माझ्या वडिलांची हत्यारे, म्हणजे चार रंधे, दोन साचे, लाकडाच्या पट्ट्या तापवून वाकवायची लोखंडी नळी आणि सरसाचे तांब्याचे भांडे, हे सर्व नर्सेस नावाच्या गृहस्थांना द्यावे. नर्सेस कोपऱ्यावरच्या दुकानात वाद्ये दुरुस्त करतात आणि ही हत्यारे कशी धरायची ते त्यांना माहीत आहे. आर्मेनियनांच्या कत्तलीतून वाचलेले अनाथ म्हणून वडील मराशहून अलेप्पोला आले. एका सुताराने त्यांना ठेवून घेतले, आणि तिथे ते आधी दारे, मग खुर्च्या आणि शेवटी ऊद बनवायला शिकले. एवढ्या मोठ्या पोटाचे तंतुवाद्य आणि इतके हलके, की एका हाताने उचलावे. त्यांनी आयुष्यात चौऱ्याहत्तर ऊद केले. प्रत्येकाच्या पोटात, जाळीच्या भोकातून डोकावले तरच दिसेल असा, आर्मेनियन अक्षरांत स्वतःचे नाव, गाव, क्रमांक आणि साल लिहिलेला कागद चिकटवला.

बावन्नावा ऊद त्यांनी माझ्या लग्नात, १९५८ साली, माझा नवरा सेत्राक याला दिला. सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “जावईबापू, पोरही दिली आणि लाकूडही दिलं. दोघांतलं एक तरी नीट सांभाळ.” सेत्राक म्हणाला, “मामंजी, दोन्ही सुरात लावूनच घेतो.” मी लाजेने मान वर केली नाही. मला वाटते, त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी हसले नाही.

कलम तिसरे. वडिलांची वही शूशानने ठेवावी. तीत कोणता ऊद कोणाकडे गेला ते त्यांच्या अक्षरात आहे, आणि समासात माझ्या अक्षरात तो पुढे कुठे सापडला ते आहे.

जून १९७६ मध्ये, यादवी ऐन भरात असताना, सेत्राक डोंगरातल्या एका गावी बारशाला वाजवायला निघाला. मी म्हटले, “रस्ते बंद आहेत, जाऊ नकोस.” तो म्हणाला, “बाळाला काय कळतंय रस्ते बंद आहेत ते? मांटी करून ठेव, जेवायला येतो.” टॅक्सीतले बाकीचे परत आले. त्यांनी एवढेच सांगितले, की बंदूकवाल्यांच्या एका नाक्यावर सेत्राकला उतरवून घेतले.

मी माणसासाठी तीन वर्षे दारोदार फिरले. जो तो म्हणे, बाई, असे हजारो आहेत. तेव्हा मी ठरवले की ऊद शोधायचा. माणूस लपवता येतो, वाद्य लपवता येत नाही. कधीतरी त्याची तार तुटते, कधीतरी ते दुरुस्तीला येते. वडिलांची वही घेऊन मी एकेक क्रमांक गाठू लागले. त्यांचा ऊद जिथे असेल तिथे वादक असतील, आणि वादकांना एकमेकांची वाद्ये माहीत असतात. चोवीस वर्षांत मी एक्केचाळीस ऊद पाहिले. अम्मानमध्ये एका विधवेने मला पोटभर जेवल्याशिवाय भोकात डोकावू दिले नाही. लताकियात एकाची तबली फुटली होती आणि आत कोंबडीने अंडी घातली होती. मी अंडी काढून क्रमांक वाचला. तो सतरा होता.

या फिरण्यात माझी मुलगी मोठी झाली, आणि ते मी पाहिले नाही. बाप गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी तिने मला दारात अडवले. “आई, तुला बाबा हवेत की त्यांचं लाकूड?” मी म्हणाले, “एक सापडलं की दुसरं सापडेल.” ती म्हणाली, “आणि मी? मी हरवलेच नाही, म्हणून मला कुणी शोधायचं नाही का?” मला अलेप्पोची बस गाठायची होती. मी गेले. शूशान, या कलमात तुला देण्यासारखे माझ्याकडे या वहीशिवाय काही नाही. तू बरोबर बोलली होतीस.

कलम चौथे. इथून पुढचे सर्व शूशानने आधी एकटीने वाचावे, आणि इतरांना किती सांगायचे ते तिने ठरवावे. बावन्न क्रमांकाचा ऊद बैरूतच्या एका जुन्या मालाच्या दुकानात मिळाला, असे मी तिला सहा वर्षांपूर्वी फोनवर सांगितले. ते खोटे होते.

२००३ च्या सप्टेंबरात नर्सेस यांच्या दुकानात डोंगरातला एक गाणारा आला. त्याने सांगितले, आमच्या गावात एका म्हातारीकडे ऊद आहे, आत मुंग्यांसारखी अक्षरे आहेत. नर्सेस यांनी दुकान बंद केले आणि मला गाडीत घातले. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे राहणारे पुष्कळ जण १९७६ साली जन्मलेही नव्हते.

म्हातारीला उम्म नबील, म्हणजे नबीलची आई, म्हणत. ती अंगणात अंजिरे वाळत घालत होती.

“विकायचा नाहीये तो,” आम्ही बोलायच्या आधीच ती म्हणाली.

“विकत घ्यायला नाही आले, बाई. आत काय लिहिलंय तेवढं वाचायचंय.”

“ते शाळेच्या मास्तरांनाही वाचता आलं नाही.”

“मला येईल.”

तिने तो धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. नर्सेस यांनी विजेरी धरली. नझारेत दुलगेरियान, बुर्ज हम्मूद, बावन्न, १९५८.

“कुणाचा?” तिने विचारले.

“माझ्या नवऱ्याचा.”

ती आत गेली आणि कॉफी करून आणली. कप माझ्यासमोर ठेवला. मी म्हणाले, “आधी सांगा.”

“माझा नबील एकोणीस वर्षांचा होता. बंदूक देऊन नाक्यावर उभा करायचे त्याला. तुझ्या माणसाला उतरवलं, पिशवीत काय म्हणून विचारलं. हा ऊद निघाला. वाजव म्हणाले. दगडावर बसून वाजवायला लागला तो. नबील म्हणाला, जाऊ द्या याला. मोठे होते ते हसले. म्हणाले, हा वाजवतोय तोवर आहे.”

“मग?”

“मग कधीतरी हात दुखतातच ना गं, बाई.”

चादरीची घडी घालत ती म्हणाली, “ते या ऊदाची होळी करणार होते. नबीलनं घरी आणला. दोन दिवस जेवला नाही. वर्षभरानं तोही गेला. माझा पेटीतून आला, पण आला. तुझा कुठे आहे ते मला माहीत आहे. चल.”

गावाखाली जुनी रेशमाची गिरणी आहे. तिच्या मागे विहीर आहे, तोंड सिमेंटने बुजवलेले. सिमेंट उन्हाने तापले होते. मी त्यावर हात ठेवून उभी राहिले आणि हात पोळेपर्यंत काढला नाही. उम्म नबील माझ्या शेजारी उभी होती. ती रडत होती. मला रडू आले नाही.

शूशान, तुझे वडील तिथे आहेत. ती विहीर उघडायला अजून कोणी तयार नाही. तुझ्या हयातीत झाले तर तू उघडून घे. तुला आधी सांगितले नाही, कारण तू फोनवर हसत होतीस, “चला, आई, एकदाचा सापडला!” म्हणत होतीस, आणि माझी जीभ रेटली नाही.

कलम पाचवे. माझी चांदीची कॉफीची किटली आणि सहा कप उम्म नबील यांची नात रीमा हिला द्यावेत. त्या दिवशी मी तिच्या आजीची कॉफी तशीच ठेवून उठले. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, याहून मोठा अपमान नाही. सत्तावीस वर्षे तिने तो ऊद पुसला होता, दर उन्हाळ्यात चादर धुतली होती. माझ्या नवऱ्याला वाचवू पाहणारा त्या नाक्यावर तिचाच मुलगा होता, हे मला परतीच्या वाटेवर समजले. पुढच्या उन्हाळ्यात जाऊन कप पिईन असे ठरवले होते. ती त्याच हिवाळ्यात वारली.

कलम सहावे. माझा दीर बोघोस. याने १९८१ साली, मला न विचारता, आमच्या कबरस्तानात सेत्राकच्या नावाचा दगड बसवला. मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नाही आणि त्याच्या बायकोच्या मयतालाही गेले नाही. दगड राहू द्यावा. मला त्याच्याच शेजारी पुरावे. बोघोस बरोबर होता, पण त्याला माहीत नव्हते, नुसता वाट पाहून थकला होता. सेत्राकचा वस्तरा आणि काळा कोट त्याला द्यावा, आणि वहिनी चुकली असे सांगावे.

कलम सातवे व शेवटचे. बावन्न क्रमांकाचा ऊद शूशानचा आहे. पण तिने तो नेण्याआधी एक गोष्ट व्हावी. नबील शेवटच्या वर्षी सारखी एक चाल गुणगुणत असे. दगडावर बसलेल्या माणसाने वाजवलेली ती शेवटची. विहिरीवरून परतताना उम्म नबीलने ती मला गुणगुणून दाखवली, आणि नर्सेस यांनी ती मनात धरून ठेवली. सेत्राकला येणारे प्रत्येक गाणे मला पाठ आहे. हे मी ओळखले नाही. पोराच्या तोंडी बदलले असेल, आईच्या आठवणीत बदलले असेल, की सेत्राकने ते तिथेच रचले, मला कळायला मार्ग नाही. माझे दफन झाल्यावर, जेवणाच्या आधी, नर्सेस यांनी ते या ऊदावर वाजवावे. मध्ये दोन ठिकाणी ते चुकल्यासारखे वाटेल. तिथे दुरुस्त करू नये. जसे आले तसे वाजवावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. यावरून कोणी भांडू नये. खाली माझ्या नावापुढे जो शब्द लिहिते आहे, तो मी तेहतीस वर्षे कोणत्याही कागदावर लिहू दिला नव्हता.

ठिकाण : बुर्ज हम्मूद
दिनांक : ९ ऑक्टोबर २००९

सही : वारतूही, कै. सेत्राक बालियोझियान यांची विधवा

आमच्यासमोर सही केली :
१. डॉ. आरशाविर चोलाकियान, दंतवैद्य, पहिला मजला
२. सिरवार्त केशिशियान, शिक्षिका, समोरचे घर. (सहीतला शेवटचा शब्द बाईंनी एका दमात लिहिला. मी तो दोनदा वाचला, मग सही केली.)