साहेबांचा आकडा आणि तुमचा

अहो,

आज लिहायला बसले त्याला कारण एक फोन. सकाळी मी मेथी निवडत होते. पलीकडे कुणी पोरगी, आवाज गोड. म्हणाली, "आम्ही उमफ्रागे करतोय, दहा मिनिटं द्याल का?" उमफ्रागे! लोकांना फोन करून मत विचारतात ना, तेच! "मला एकदा विचारू देत, मग दाखवतो," असं म्हणत तुम्ही चाळीस वर्षं ह्या फोनची वाट बघितलीत. आणि आला तो तुम्ही गेल्यावर, माझ्या वाट्याला.

तिनं इथल्या सरकारचं विचारलं, रेल्वेचं विचारलं. मग म्हणाली, "अमेरिकेच्या अध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे का?" अहो, मला हसूच फुटलं. पसंत!

आठवतं का? मला इथे जर्मनीत, एर्लांगेनला येऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही कंपनीतून सायकलवर यायचात आणि टोपी काढायच्या आधी रेडिओ लावायचात. "साहेबांचा आकडा घसरला!" मला वाटलं, तुमच्या ऑफिसातला कुणी साहेब. मग तुम्ही समजावलंत, अमेरिकेत लोकांना सारखं विचारत राहतात, तुमचा अध्यक्ष पसंत आहे का. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण एवढं कळलं.

"निवडून दिल्यावरसुद्धा विचारतात?"

"हो तर!"

"मग बरं आहे त्यांचं. आम्हाला आधीही नाही विचारलं, न् नंतरही नाही."

तुमचा चहा बशीतच राहिला. पण खरं होतं ना? आमच्या मिरजेच्या घरी पोहे खाऊन तुमच्या आईंनी 'मुलगी पसंत आहे' म्हणून सांगितलं, आणि बाबा पेढे आणायला धावले. मुलगा पसंत आहे का, हे मला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी आपली आत कपबशा विसळत होते.

त्या रविवारी तुम्ही आलेखाचा कागद आणलात आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलात. निळा ठिपका साहेबांचा, लाल तुमचा. "दर रविवारी विचारीन. शंभरपैकी किती ते सांगायचं. नसेल सांगायचं तर 'सांगता येत नाही' म्हणायचं, तिथे फुली." कागद नव्वदलाच संपत होता. मी म्हटलं, "वरचे दहा कुठे गेले?"

"तुझ्याकडून तेवढे मिळणार आहेत थोडेच!"

आणि खरंच, नाहीच दिले मी. पंच्याहत्तरच्या वर कधी गेले नाही. जास्त दिले तर हा माणूस चढेल, असं वाटायचं. काय बिघडलं असतं हो, चढला असतात तर?

साहेब बदलले, पक्ष बदलले, तुमच्या तोंडी सगळे साहेबच. तिकडे काही लफडं बाहेर आलं की आपल्याकडे सण! संध्याकाळी तुम्ही चिवड्याचा डबा घेऊन सुनावणी बघायला बसायचात, मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शेजारी. दुकानात भाजी मागण्यापुरतं जर्मन मला येत नव्हतं, पण 'महोदय, मला ते आठवत नाही' हे इंग्रजीत मात्र झकास यायचं! आणि तुम्ही दर वेळी तेच सांगायचात, "चूक केली म्हणून आकडा पडत नाही गं. झाकायला गेले की पडतो."

मग स्वतः का झाकायला गेलात?

श्रीखंडाचं मी म्हणत नाही. ते तर मी हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टरनं गोड बंद केलेलं, आणि माझ्या क्वार्कच्या, म्हणजे इथल्या चक्क्याच्या श्रीखंडात रविवारी सकाळी हा खड्डा! तुम्ही नामानिराळे. पण वाटी धुऊन पालथी ठेवलीत, तिथेच फसलात. जन्मात कधी वाटी धुतली होती तुम्ही? आपली लेक मेघना तेव्हा दहावीत. टेबलावर चमचा आपटून तिनं सुनावणी घेतली आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "महोदया, मला ते आठवत नाही." त्या आठवड्यात आकडा चाळीसवर आला. साहेबांच्याही खाली!

मी म्हणतेय ते त्या बेफुंडचं, तुमचं दुखणं लिहिलेल्या डॉक्टरांच्या त्या कागदाचं. तीन आठवडे तुम्ही तो सायकलच्या पिशवीत ठेवलात. लायब्ररीत जातो सांगून तपासण्यांना गेलात. मी पंप शोधायला हात घातला आणि कागद हाताला लागला. "तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाऊ दे म्हटलं," एवढंच बोललात. अहो, डोळा काय, पुढच्या महिन्यात झाला असता! ते तीन आठवडे मला हवे होते. तुमच्या शेजारी बसायला हवे होते.

म्हणून मी रागावले होते. हॉस्पिटलात रविवारी सकाळी तुम्ही मास्क बाजूला करून विचारलंत, "काय हो बाईसाहेब, आज आकडा किती?" आणि मी खिडकीकडे बघत म्हणाले, "सांगता येत नाही."

"असू दे," तुम्ही हसलात. "तेही उत्तरच की."

मला वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. बुधवारी तुम्ही गेलात.

घरी येऊन मी कपाटाचं दार उघडलं. त्या रविवारचा चौकोन तसाच होता. मला फुलीही मारवेना, ठिपकाही देववेना.

आणि आज ती पोरगी वाचत होती, "पसंत, नापसंत, की सांगता येत नाही?" शेवटचे शब्द ऐकले आणि मी कपाटाच्या दाराकडेच बघत राहिले.

"हालो? हालो? मग 'सांगता येत नाही' लिहू का?"

"नाइन! नाही, नाही!" मी ओरडलेच. "ते नका लिहू!"

बिचारी दचकली. मग साहेबांचं काय ते मी तिला स्पष्ट सांगितलं. तुम्ही ऐकलं असतंत तर चिवडा सांडला असतात! फोन ठेवला आणि मनात आलं, सातासमुद्रापलीकडच्या माणसाबद्दल मी पटकन सांगून टाकलं. आणि घरातल्या माणसाला?

मेघना म्हणते, स्वयंपाकघर नवं करू, ते दार आता नीट लागत नाही. लागेल कसं? कागदावर कागद चिकटवून तुम्ही बोटभर थर केलाय! कपाट हवं तर जाऊ दे म्हटलं, दार मी देणार नाही.

तर अहो, माझा शब्द घ्या. येत्या रविवारी पोहे झाले की मी स्वतः तो ठिपका देणार आहे, लाल शाईनं, खोडता येऊ नये असा. अठ्ठ्याण्णव. दोन कापलेत ते कागद लपवल्याबद्दल; ही शिस्त तुम्हीच लावलीत. कागद नव्वदला संपतो, म्हणून वर, दाराच्या लाकडावर देईन. आणि मिरजेला कुणी विचारलं नाही ते तेव्हा मोठ्यानं सांगेन, मेघनालाही ऐकू जाईल असं:

मुलगा पसंत आहे.

तुमची,
इंदू