सांगितलं की उठायचीस

आई, आज माझ्याकडे शिरोळकडचं एक जोडपं आलं होतं. नवरा ट्रॅक्टर चालवणारा, अंगापिंडानं दणकट. काही महिन्यांपूर्वी मेंदूच्या आत खोलवर त्याला छोटासा झटका येऊन गेला. हात-पाय शाबूत, बोलणं स्वच्छ, हिशेबात चूक नाही. त्याची बायको त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "मॅडम, सांगितलं तर सगळं करत्यात. न्हाई सांगितलं तर दिवस मावळस्तवर बसूनच ऱ्हात्यात. गावात सगळी म्हणत्यात, सोंग हाय." तो शेजारी शांत बसून ऐकत होता. त्याला राग आला नाही, लाजही वाटली नाही. मी त्याला तपासलं, औषध लिहून दिलं, पंधरा दिवसांनी बोलावलं, आणि घरी येऊन तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्या आजाराबद्दल मी तुझ्याशी कधी बोललेच नाही. तेव्हा तो आजार आहे हेच आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

तू बसलेली मला आठवतच नाही, म्हणजे आजाराआधीची तू. राजारामपुरीतल्या आपल्या त्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत सतरंज्या टाकून तुझ्या खाणावळीत जेवायला बसलेली कॉलेजची पोरं, आणि आत तू. एका शेगडीवर आख्खा मसूर रटरटतोय, दुसरीवर भाकरी फुगतीय, आणि तू तिथूनच बाहेरच्या पोराला ओरडून सांगतीयस, "खर्डा संपवायचा! पानात टाकलास तर उद्या जेवाय येऊ नगंस." मी दहावीत असताना एकदा दुपारी पुस्तक घेऊन आडवी झाले होते. तू पीठ लागलेल्या हातानंच माझ्या पायावर चापट मारलीस. "पडून वाचलेलं डोक्यात जात न्हाई. ऊठ, काकडी चिर आणि चिरता चिरता म्हणून दाखीव." मी चिडून काकडी चिरली आणि मेंदूचे भाग म्हणून दाखवले. तुला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी अडखळले की तुला बरोबर कळायचं.

मी पुण्याला शिकायला गेले त्याच वर्षीच्या थंडीत बाबांनी न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला. तू पहाटे उठून गार पाण्यानं आंघोळ करतेस हे त्यांना बघवत नव्हतं. फाउंड्रीत दिवसभर वितळलेल्या लोखंडापाशी उभं राहणारा, घरी आल्यावर चार शब्दही न बोलणारा माणूस, त्यानं आपल्या मनानं तुझ्यासाठी आणलेली ती एकच वस्तू असेल. गार वारं येतंय म्हणून तू खिडकी लावून घेतलीस. बंद न्हाणीघरात गीझर जळताना जो विषारी वायू साचतो त्याला वास नसतो, आई. बाबांनी दार फोडलं तेव्हा तू फरशीवर पडली होतीस. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तुझा पहिला प्रश्न होता, "मसूर कुणी भिजत घातला?" आणि आम्ही सगळे रडता रडता हसलो. पुढचे काही आठवडे तू चांगली होतीस. ते आठवडे आठवले की मला जास्त वाईट वाटतं.

मग एका सुट्टीत मी घरी आले. तू शेगडीपुढं उभी होतीस आणि दूध उतू जात होतं. पातेल्यावरून, शेगडीवरून, ओट्यावरून दूध खाली टपकतंय आणि तू बघतीयस. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"आई, दिसलं न्हाई का तुला?"

"दिसलं की."

"मग बंद का केला न्हाईस?"

तू खरंच विचार केलास. मग म्हणालीस, "मनातच आलं न्हाई."

त्यानंतर हळूहळू सगळंच थांबलं. पोरं दुसरीकडं जेवायला जाऊ लागली. तू सकाळी खाटेवर बसायचीस ती तशीच. दार वाजलं तर उठायची नाहीस, तहान लागली तरी पाणी मागायची नाहीस. आत्या म्हणाली, राबून राबून कंटाळली, आता बसून खायचं ठरवलंय हिनं. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुणीतरी काहीतरी केलंय. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. मी तुझा हात हातात घेऊन विचारलं, "आई, तुला कशाचं दुःख होतंय का?" तू म्हणालीस, "न्हाई की. दुःख कशाचं असायचं?" आणि ते खरं होतं. तू दुःखी असतीस तर निदान आमच्यासारखी असतीस.

युक्ती सापडली ती बाबांना. एक दिवस वैतागून ते ओरडले, "अगं ऊठ की! तोंड तरी धू!" आणि तू सरळ उठलीस, तोंड धुतलंस आणि परत येऊन बसलीस. ते बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आता च्या कर." तू चहा केलास, अगदी पूर्वीसारखा, आलं ठेचून. त्या दिवसापासून तो अबोल माणूस दिवसभर बोलायला लागला. कामावर जाणं त्यांनी सोडूनच दिलं. ऊठ. केस विंचर. पाणी पी. एक घास घे. चावलास का? आता दुसरा घे. त्यांचा घसा बसायचा, पण ते बोलत राहायचे. एकदा गावाकडं मयतीला गेले, बस चुकली, आणि घरी पोचायला संध्याकाळ झाली. सकाळी जाताना "अंगणात जरा उन्हाला बस" म्हणाले होते. तू तिथंच बसली होतीस. चेहरा, हात उन्हानं भाजून लाल झाले होते. सावली दोन हातांवर होती. त्यानंतर त्यांनी तुला सोडून कुठं जाणंच बंद केलं.

आता मी अशाच आजारांवर काम करते. येणाऱ्या माणसाच्या हातात संगणकाला जोडलेली एक दांड्यासारखी मूठ देते, दाबायची. पडद्यावर पेढे दिसतात. हलकं दाबलं तर एक, जीव खाऊन दाबलं तर जास्त, काय ते तुमचं तुम्ही ठरवा. आपण दिवसभर न कळत असंच ठरवत असतो. मिळणार काय आणि त्यासाठी झिजावं किती, हे मेंदूच्या आतल्या एका छोट्या भागात तोललं जातं, आणि तिथूनच "चल, ऊठ" असा रेटा येतो. तुझा नेमका तो भाग त्या वायूनं मारला होता. गोडी शिल्लक होती. बाबांनी शिरा भरवला की तू म्हणायचीस, "झकास झालाय." पण शिरा हवा, असं तुला वाटायचं नाही. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आता विद्यार्थ्यांना शिकवते. आज त्या ट्रॅक्टरवाल्याला दिलेलं औषध तेव्हाही बाजारात होतं, दुसऱ्या एका आजारासाठी. काहींना त्यानं फरक पडतो, काहींना नाही. तुला पडला असता का, कोण जाणे. तुला ते देऊन बघावं असं कुणाला सुचलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी पुण्याहून यायचे तेव्हा तू हसायचीस, तोंड भरून. पण मी निघताना "परत कधी येणार?" असं तू कधी विचारलं नाहीस. एकदा न राहवून मीच विचारलं, "आई, मी नसताना माझी आठवण येते का गं तुला?" तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "विचारलंस की येती." त्या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. तेवढंच मला कितीतरी दिवस पुरवावं लागलं.

आणि मग ती सकाळ. मी पुण्याला निघाले होते, रिक्षा दारात होती, बॅग आत ठेवून मी बसलेसुद्धा. तेवढ्यात तू बाहेर आलीस, अनवाणी, पदर सावरत. हातात माझी पाण्याची बाटली होती. "ही ऱ्हायली की," म्हणालीस आणि माझ्या मांडीवर ठेवलीस. रिक्षा सुरू झाली तरी तू उभी होतीस. पुढच्याच पावसाळ्यात तुला न्यूमोनिया झाला. खोकताना छातीत दुखतंय हेसुद्धा तू आपणहून सांगितलं नाहीस, आणि विचारेपर्यंत उशीर झाला होता. त्या सकाळनंतर आपली भेट झाली ती दवाखान्यातच, आणि तिथं तू डोळे उघडले नाहीस.

तू आपल्या मनानं उठून आलीस, असं मी धरून चालते. माझ्या विषयात अशा एका प्रसंगाला काही किंमत नाही, दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मी मान हलवून सोडून दिला असता. बाबा त्या वेळी आत होते. त्यांनी तुला सांगितलं असेल, "बाटली देऊन ये तिला," असं सहज असू शकतं. ते आता माझ्याकडेच असतात, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख आठवतं त्यांना. आत्ता पलीकडच्या खोलीत बातम्या ऐकत बसलेत. मी त्यांना कधी विचारलेलं नाही. हे कागदही मी त्यांच्या हाती लागू देणार नाही, कारण वाचले तर ते खरं काय ते सांगून टाकतील.